एकट्याचे टेनिस

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची फेरीबोट सुटली, की काही मिनिटांतच पलीकडचा किनारा येतो. पूर्वी तेवढ्या वेळात माणसे खाडीकडे, खारफुटीकडे, उडणाऱ्या बगळ्यांकडे पाहायची. आता बहुतेकांच्या माना खाली असतात. परवा मात्र एक जोडी लक्षात राहिली. दोन भाऊ असावेत, आठ-दहा वर्षांचे. दोघांत मिळून मोबाइल एकच. थोरला खेळत होता आणि धाकटा त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून त्याला सूचना देत होता. मध्येच भांडण झाले, फोन धाकट्याच्या हाती गेला, आणि आता थोरला सूचना देऊ लागला. बोट धक्क्याला लागली तरी दोघे उठेनात. शेवटी मासळीची रिकामी टोपली घेऊन उतरणाऱ्या एका कोळणीने त्यांना ढोसून उठवले.

त्या दोघांकडे पाहताना मला माझ्या नातवाने घातलेले कोडे आठवले. त्याला जुन्या व्हिडिओ गेमचे वेड आहे. बाजारात सपशेल पडलेल्या यंत्रांविषयी तर त्याला विशेष माया. ‘व्हर्च्युअल बॉय’ नावाच्या अशाच एका यंत्राविषयी त्याने मला विचारले होते, की त्याची ओळख एकाच खेळाने सांगायची झाली तर कोणता खेळ निवडावा? त्याचे स्वतःचे उत्तर तयार होते. माझी पंचाईत अशी, की मी यंत्राचे नावही प्रथमच ऐकत होतो. पण कोडे डोक्यात राहिले. निवृत्त माणसाला वेळ असतोच. मी वाचत गेलो, आणि वाचता वाचता यंत्र बाजूला राहून ते घडवणारा माणूस समोर येऊन बसला. त्या माणसाची ही गोष्ट. नातवाचे कोडेही तिच्यातच सुटते.

गुन्पेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ मध्ये नोकरी धरली ती गावातल्याच एका पत्त्यांच्या कारखान्यात. कारखान्याचे नाव निंटेंडो. आज हे नाव घरोघरी माहीत आहे; तेव्हा ती १८८९ मध्ये स्थापन झालेली, ‘हानाफुदा’ नावाचे फुलापानांच्या चित्रांचे पत्ते बनवणारी कंपनी होती. आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा, तशी तिकडे हानाफुदा. गंमत अशी, की जपानला युरोपीय पत्त्यांची ओळख सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी करून दिली. जपानी भाषेत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात तो शब्दही पोर्तुगीजच. हेच पोर्तुगीज त्या काळात आपल्या वसई-साष्टीत ठाण मांडून होते. मनोरीची चर्च आणि जपानचे पत्ते एकाच वाऱ्याने आलेले.

पदवीधर योकोईंना काम मिळाले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे. यंत्रे रोज बिघडत नाहीत. त्यामुळे हाताशी वेळ भरपूर आणि शेजारी लेथ. या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक हात बनवला. एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्यांची कैची. मुठी जवळ आणल्या की ती जाळीसारखी लांब होते आणि टोकाचा चिमटा दूरची वस्तू पकडतो. नेमके हे उद्योग चालू असताना कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची तिथून गेले. यामाऊची मोठे करडे गृहस्थ. पुढे त्यांनी योकोईंना बोलावून घेतले, तेव्हा या तरुणाला वाटले की आता खरडपट्टी निघणार. झाले उलटेच. त्यांना त्या हाताचे खेळणे बनवण्याचा हुकूम मिळाला. १९६६ मध्ये ते ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. यंत्रांना तेल घालणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

यानंतर घरात खेळता येईल असे चेंडू फेकणारे यंत्र आले. १९६९ मध्ये आला ‘लव्ह टेस्टर’. दोन धातूचे गोळे. एक मुलाने धरायचा, दुसरा मुलीने, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. अंगातून जाणारा अगदी किंचित विद्युत्प्रवाह मोजून काटा प्रेमाची मात्रा दाखवतो. विज्ञान म्हणून याची किंमत शून्य. पण त्या काळच्या लाजऱ्या जपानी तरुणतरुणींना एकमेकांचा हात धरायला एक सभ्य निमित्त मिळाले, आणि योकोईंनाही नेमके तेच हवे होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

सगळेच जमले असे नाही. प्रकाशाच्या बंदुकीचे खेळणे चालले, म्हणून कंपनीने १९७३ मध्ये बंद पडलेल्या बोलिंगच्या दालनांत प्रकाशाने नेम साधायचे मोठे खेळ उभारले. त्याच वर्षी तेलाचे संकट आले. लोकांनी हात आखडते घेतले, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनीच्या डोक्यावर मोठे कर्ज राहिले. त्यातून वर यायला वर्षे गेली.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस एके दिवशी योकोई वेगवान शिंकान्सेन गाडीने चालले होते. समोर एक थकलेला नोकरदार खिशातला कॅल्क्युलेटर काढून उगाचच त्याची बटणे दाबत बसला होता. हिशोब कसलाच नव्हता. केवळ वेळ जावा म्हणून बोटांना चाळा. योकोईंच्या मनात आले, की तळहातात लपेल असा खेळ असेल तर मोठ्या माणसांनाही न लाजता खेळता येईल. पुढे एकदा यामाऊचींचा ड्रायव्हर आजारी पडला. त्यांची गाडी परदेशी, डाव्या बाजूला चाक असलेली, आणि तशी गाडी चालवायची सवय योकोईंना होती. म्हणून सारथ्य त्यांच्याकडे आले. वाटेत बोलायला काहीतरी हवे म्हणून त्यांनी ही कल्पना सांगितली. अध्यक्ष काही बोलले नाहीत. पण त्यांनी ती कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प कंपनीपर्यंत पोहोचवली, आणि काही दिवसांतच तिथली माणसे निंटेंडोच्या दारात हजर झाली.

१९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ जन्माला आले. एकाच वस्तूत खेळही आणि घड्याळही. १९९१ पर्यंत त्याचे साठच्या आसपास प्रकार निघाले आणि मिळून ४ कोटी ३४ लाख नग खपले. आखातातून सुट्टीवर आलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून असली चपटी खेळणी आपल्याकडेही उतरत. वाड्यातल्या एका मुलाकडे ते आले, की त्याच्याभोवती दहा मुलांचा गराडा पडे. त्या पिढीचे वाचक आता पन्नाशीत असतील. त्यांना त्या टिक-टिक आवाजाची आठवण नक्की असेल. याच मालिकेतल्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’ खेळात योकोईंनी डाव्या अंगठ्यासाठी अधिकचिन्हाच्या आकाराचे एक बटण बसवले. वर-खाली, डावे-उजवे, सगळे एकाच बटणात. पुढे दुसऱ्या कंपन्यांनीही ती कल्पना उचलली. आज कोणाही मुलाच्या हातातले खेळाचे यंत्र पाहा, तिथे त्या अधिकचिन्हाची वंशावळ सापडेल.

योकोईंच्या कामामागे एक साधा विचार होता, आणि तो आपल्या मध्यमवर्गीय घरांना पटावा असाच आहे. सर्वांत नवे, सर्वांत महाग तंत्र त्यांना नको असे. जे तंत्र मुरले आहे, ज्याचे दोष कळले आहेत, जे स्वस्त झाले आहे, ते घ्यायचे आणि कुणी वापरले नसेल अशा ठिकाणी वापरायचे. कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांनी आपापसांत स्पर्धा करून काचेच्या पडद्याची किंमत खाली आणली, म्हणून गेम अँड वॉच शक्य झाले. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आजीला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

या विचाराचे सर्वांत मोठे फळ म्हणजे १९८९ चा ‘गेम बॉय’. पडदा रंगहीन, हिरवट-करडा. त्याच सुमारास अटारीचे आणि पाठोपाठ सेगाचे रंगीत पडद्याचे यंत्र आले. जाणकारांनी गेम बॉयला नाके मुरडली. पण सेगाचे यंत्र सहा सेल चार-पाच तासांत फस्त करी. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले. सेलचे पैसे आईबापांच्या खिशातून जातात, हे योकोईंना ठाऊक होते. शिवाय दोन गेम बॉय जोडणारी एक तार होती. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये रचलेला ‘टेट्रिस’ या तारेमुळे दोघांना समोरासमोर बसून खेळता येई. आपल्या जत्रांत नि फूटपाथवर नव्वदीच्या दशकात ‘ब्रिक गेम’ म्हणून जो मिळायचा, तो याच टेट्रिसचा गरीब चुलतभाऊ. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक खपली.

इथवर ही यशाची कहाणी आहे. आता नातवाचे यंत्र.

नव्वदीच्या सुरुवातीला जगभर आभासी वास्तवाची हवा होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीने डोळ्यांशी धरायचा छोटा पडदा तयार केला होता. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल दिव्यांची एकच उभी ओळ. समोर वेगाने हलणारा आरसा, जो त्या ओळीचे पसरट चित्र करतो, सेकंदाला पन्नास वेळा. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसली, की मेंदू त्यांतून खोली तयार करतो. योकोई या कल्पनेवर भाळले. दिवे विझले की उरतो तो निखळ काळोख, आणि त्या काळोखाला अंत दिसत नाही, याचे त्यांना अप्रूप होते. लाल दिवे स्वस्त आणि सेलला हलके. निळे दिवे त्या वेळी फार महाग. म्हणून सगळे जग लाल-काळे झाले.

मुळात हे यंत्र डोक्याला बांधायचे ठरले होते. मग वजन आले, मुलांच्या डोळ्यांची आणि अपघातांची चिंता आली. वस्तूच्या दोषाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारा नवा कायदा जपानमध्ये १ जुलै १९९५ पासून लागू होणार होता. अखेर यंत्र दोन पायांच्या घडवंचीवर बसले. ते टेबलावर ठेवायचे आणि वाकून त्यात तोंड खुपसायचे. सात वर्षांखालच्या मुलांना मनाई, मधूनमधून विश्रांती घेण्याची सूचना. ना ते खिशात मावे, ना घरच्या टीव्हीला जोडता येई. कंपनीचे बळही तोवर पुढच्या वर्षी येणाऱ्या निंटेंडो ६४ कडे वळले होते. २१ जुलै १९९५ रोजी व्हर्च्युअल बॉय जपानमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत विक्रीला आला. मान दुखते, डोळे शिणतात, डोके धरते, अशा तक्रारी सुरू झाल्या. वर्ष संपण्याआधीच जपानमध्ये तो गुंडाळला गेला. अमेरिकेत १९९६ मध्ये. एकूण खप ७ लाख ७० हजारांच्या घरात. दोन्ही देश मिळून खेळ निघाले फक्त २२.

या बावीसांतून एक निवडायचा. नातवाचे उत्तर ‘वारिओ लँड’ हे होते, आणि बहुतेक जाणकारही तेच सांगतात. १९९५ च्या अखेरीस आलेल्या या खेळात जाड्या, लोभी वारिओ गुहांतून खजिना शोधत फिरतो. त्याला पुढच्या भागातून उडी मारून चित्राच्या मागच्या भागात जाता येते. काटेरी गोळे दूरवरून झुलत थेट आपल्या नाकाशी येतात. खोलीचा उपयोग कसा करावा हे त्यात दिसते. दुसरे नाव ‘रेड अलार्म’चे. नुसत्या लाल रेघांनी आखलेल्या बोगद्यांतून विमान हाकायचे. पुढची भिंत कोणती आणि मागची कोणती हेच कळत नाही. यंत्राची झेप आणि यंत्राची तोकडी ताकद, दोन्ही त्या रेघांत आहेत.

दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत. पण ‘वारिओ लँड’ हे यंत्र काय होऊ शकले असते ते सांगतो. ते काय होते, हे सांगणारा खेळ माझ्या मते ‘मारिओज टेनिस’. जपानमध्ये तो पहिल्याच दिवशी दुकानात होता आणि अमेरिकेत यंत्राबरोबरच खोक्यात येई. म्हणजे तिथे ज्याने यंत्र घेतले, त्याच्या घरी हा खेळ आलाच. योकोईंच्याच विभागाने तो केला होता. मारिओ आणि त्याची मंडळी जाळीच्या दोन बाजूंना उभी, चेंडू दूर जाताना लहान होतो, जवळ येताना मोठा. खेळ नेटका आहे. त्यात दुहेरी सामनेही आहेत.

पण दुहेरीतला जोडीदारही यंत्रच. समोरचा प्रतिस्पर्धीही यंत्रच. व्हर्च्युअल बॉयला दुसरे यंत्र जोडण्यासाठी खालच्या बाजूला एक खाच ठेवली होती. तिच्यात घालायची तार मात्र कधी विक्रीला आलीच नाही. त्याआधीच यंत्राचा कारभार आटोपला. त्यामुळे लाल काळोखात तोंड खुपसून माणूस एकटाच टेनिस खेळत राहिला.

हे खटकते, कारण व्हिडिओ गेमचा उगमच मुळी दोघांच्या टेनिसमध्ये आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने, भेट द्यायला येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोघांचे टेनिस उभे केले. १९७२ मध्ये अटारीचा ‘पाँग’ आला; त्यालाही दोन माणसे लागत. निंटेंडोचे पहिले घरगुती यंत्र १९७७ चे, तेही दोघांच्या टेनिसचेच. आणि योकोईंचे स्वतःचे आयुष्य पाहा. अल्ट्रा हँड दूरच्या वस्तूपर्यंत पोहोचणारा हात. लव्ह टेस्टर तर हातात हात देण्यासाठीच. गेम बॉयची तार दोन मुलांना एका बाकावर बसवणारी. गेम अँड वॉच एकट्याचे असले तरी खांद्यावरून डोकावणाऱ्या भावंडाला पडदा दिसायचा. व्हर्च्युअल बॉयमध्ये डोकावायला जागाच नाही. शेजारच्याला दिसते ते फक्त खेळणाऱ्याचे डोके. तीस वर्षे माणसांना जवळ आणणारी खेळणी करणाऱ्या कारागिराच्या हातून हे एक असे यंत्र गेले, की ज्यात दुसऱ्या माणसाला स्थान नव्हते. ‘मारिओज टेनिस’मध्ये ही उणीव उघडी पडते, म्हणून माझे मत त्याला.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निंटेंडो सोडली. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना जावे लागले, अशी कुजबुज झाली. पन्नाशीनंतर स्वतंत्र व्हायचे आपल्या मनात आधीपासूनच होते, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. जाण्यापूर्वी त्यांनी गेम बॉयची लहान, हलकी आवृत्ती पुरी केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘पोकेमॉन’ आला होता. मुले त्या जुन्या तारेने आपापले प्राणी एकमेकांना देऊ-घेऊ लागली होती, आणि सात वर्षांचा म्हातारा गेम बॉय पुन्हा तरुण झाला होता.

क्योटोतच योकोईंनी ‘कोतो’ नावाची लहानशी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी एका नव्या, खिशात मावणाऱ्या यंत्राचा आराखडा हाती घेतला. पुन्हा रंगहीन पडदा, पुन्हा स्वस्ताई, आणि या वेळी एकाच पेन्सिल सेलवर चालणारे. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीला किरकोळ अपघात झाला. ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीने त्यांना उडवले. वय ५६. १९९९ च्या मार्चमध्ये ते यंत्र ‘वंडरस्वान’ नावाने आले. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला त्यांच्या स्मरणार्थ ‘गुन्पे’ हे नाव दिले होते.

बँकेत असताना कर्जाच्या फायली हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली. एखादा छोटा कारखानदार वीस वर्षे तारखेला हप्ता भरत असे. मग एक धाडस फसे, खाते बुडीत निघे, आणि त्यानंतर त्याचे नाव निघाले की सगळ्यांना ते एकच खाते आठवे. आधीच्या वीस वर्षांच्या पावत्या त्याच फाइलीत असत, पण त्या कुणी उलगडत नसे. त्या ‘कुणी’मध्ये मीही होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. योकोईंचेही काही काळ असेच झाले. आता मात्र फाइल पुन्हा उघडली जाते आहे. ज्या निंटेंडोने व्हर्च्युअल बॉय गुंडाळला, तिनेच २०२५ मध्ये त्याचे जुने खेळ आपल्या नव्या यंत्रावर, तशाच घडवंचीसह, आणण्याचे जाहीर केले. नातवाचा आनंद गगनात मावेना.

मी त्याला माझे उत्तर कळवले. त्याला ते पटले नाही. ‘वारिओ लँड’च, असे त्याने ठामपणे लिहिले, आणि सुट्टीत आला की आपण दोघे मिळून खेळून ठरवू, असेही. मी त्याला आठवण करून दिली, की त्यात एका वेळी एकालाच पाहता येते. तेव्हा असे ठरले आहे, की तो आत पाहील आणि काय दिसते ते मला सांगेल. मी शेजारी बसून सूचना देईन. मग पाळी बदलायची. मनोरीच्या बोटीतल्या त्या दोन भावांनी काढलेली युक्ती हीच. योकोईंनी ती तार विक्रीला आणली असती, तर आम्हाला ती लागली नसती.